तिसरा खेटा आणि स्पेनचं धुपाटणं

पंचगंगेत बुडी मारून वर आलो तेव्हा दात वाजत होते, ‘चांगभलं’ अर्धंच बाहेर पडलं. माघात सुरू होणाऱ्या जोतिबाच्या पाच खेट्यांतला हा तिसरा रविवार. जोतिबा हिमालयाकडं निघाला तेव्हा त्याला परत आणायला अंबाबाई करवीरातनं अनवाणी डोंगरावर गेली, अशी कथा; म्हणून आपणही अनवाणी. १७-१८ किलोमीटर. पहिल्या खेट्याला पाय बोंबलतात, तिसऱ्याला गप्प बसतात.

वडणगं मागं पडेपर्यंत वस्ताद काही बोलले नाहीत. आमच्या तालमीतले, वय सत्तरीपुढं, चाल माझ्यापेक्षा जोरात. मग म्हणाले, “मर्दा, त्या स्पेनच्या वारीचं सांग की. तिथं धुपाटणं झोपाळ्यागत हलवत्यात म्हणं?”

माझं महाद्वार रोडला पूजा साहित्याचं दुकान. उद, राळ, गुग्गुळ तोलण्यात हयात गेली. मुलगा तिकडं नोकरीला. तो म्हणाला, बाबा, तुमच्या धंद्यातलं जगातलं सगळ्यात मोठं धुपाटणं दाखवतो, पण चालत यायचं. सारिया गावापासून सान्तियागोच्या मोठ्या चर्चपर्यंत सुमारे ११५ किलोमीटर. रस्ताभर पिवळे बाण, शेवटी शेवटी निलगिरीची झाडं, आणि रोज दोनदा पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. शिक्के नसतील तर चालल्याचा दाखला नाही. आपल्या जोतिबाला असला हिशेब नसतो, ते बरं आहे.

त्या धुपाटण्याचं नाव बोताफुमेइरो, म्हणजे धूर फेकणारं. पितळेचं, वरनं चांदीचा मुलामा, १८५१ सालचं. वजन ५३ किलो, उंची दीड मीटर. आठजण मिळून दोर ओढतात आणि ते चर्चच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छताला भिडायच्या बेतानं जातं.

“आणि दोर तुटला तर?” वस्तादांनी बरोबर जागा पकडली.

तुटलाय. इंग्लंडला सून म्हणून निघालेली स्पेनची राजकन्या कॅथरीन दर्शनाला आली होती, तेव्हा ते निसटून थेट खिडकीबाहेर गेलं, असं तिथं सांगतात. (पुढं हेन्री राजानं तिला टाकली, त्यात धुपाटण्याचा हात नाही.) आधीचं चांदीचं होतं, ते १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांनी पळवलं. आपल्याकडं तेल जातं, तूप जातं, हाती धुपाटणं तरी राहतं. त्यांचं धुपाटणंच गेलं.

“तू बघितलंस न्हवं हलताना?”

नाही बघितलं. तेच तर सांगायचं होतं. ते सणावारी हलतं, नाहीतर कुणी खर्च उचलला तर. आम्ही पोचलो त्या दिवशी ना सण, ना कुणी शेठ. ११५ किलोमीटर चालून मी खांबाला टेकून रिकाम्या दोराकडं बघत बसलो. वस्ताद एवढे हसले की मागनं येणारी पोरं थांबली.

पण प्रार्थना सुरू झाली तेव्हा एक पोरगा साखळ्यांचं लहान धुपाटणं घेऊन आला. कपातल्या निखाऱ्यावर पाद्रीबाबांनी चमच्यानं धूप घातला. पहिला धूर आला आणि माझ्या नाकानं दुकान उघडलं. उद नव्हे, उद गोडसर असतो. गुग्गुळ तर नव्हेच. हा लिंबाच्या सालीसारखा, कोरडा. ओमान, सोमालियाकडनं येणारा डिंक, आपल्या सालईच्या झाडाच्या कुळातला. वेदीला दाखवला, पाद्रीबाबांना दाखवला. मग तो पोरगा आमच्याकडं वळला आणि आमच्या दिशेनं हलवायला लागला. सगळ्यांनी माना लववल्या, मीही लववली. आमच्या घरी देवाला धूप दाखवतात, मग तोच धूर घरभर फिरवतात. पण चालून आलेल्या माणसांसमोर उभं राहून, त्यांच्यासाठी म्हणून धूप दाखवताना मी पहिल्यांदा बघितलं.

लोक म्हणतात, पूर्वी महिनोन्‌महिने चालून आलेल्या यात्रेकरूंचा वास मारायला ते मोठं धुपाटणं केलं. चर्चवाले म्हणतात, धुरासारखी प्रार्थना वर जाते. ज्यानं मुक्कामाच्या खोलीत तीस माणसांचे वाळत घातलेले मोजे हुंगलेत, त्याला पहिली गोष्ट पटायला पुरावा लागत नाही. दुसरी मला त्या मान लववण्यात पटली.

कुशिरं गेलं, गायमुखाला ताक प्यालो. डोंगराच्या चढाला बोलणं बंद. वर गुलाल, दवणा, घाम आणि कुणाच्या तरी परडीतला उदाचा धूर, सगळं एकात एक. वस्ताद शिखराला हात जोडून बराच वेळ उभे होते. पायरीवर टेकल्यावर म्हणाले, “तसलं साखळीचं तुझ्याकडं मिळंल?”

“नाही. पितळेचं मुठीचं आहे.”

“चालंल. तालमीत मारुतीला दाखवायचं, मग पोरांवरनंबी फिरवायचं. मातीच्या हौदातनं कुस्ती करून निघाल्यावर काय घमघमत्यात, तुला म्हाईत न्हाई.”

सोमवारी दुकान उघडायला वस्ताद दारात हजर. धुपाटणं, पाव किलो उद घेतला. पैसे पाचव्या खेट्याला देतो म्हणाले.