माणूस मोजायचा की काम?

रविवार, रात्री

डेव्हलपरची उत्पादकता मोजायची म्हटलं की पहिला हात पडतो कोडच्या ओळींवर. मोजायला सोप्या ना! 1982 मध्ये ॲपलमध्ये लिसा संगणकाचं काम चालू होतं, तेव्हा दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींचा आकडा फॉर्मवर मागत. तिथले प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांनी नुकताच क्विकड्रॉमधला (पडद्यावर चित्रं काढणाऱ्या कोडमधला) एक भाग नव्याने लिहिला होता. तो कितीतरी वेगवान झाला आणि कोड सुमारे दोन हजार ओळींनी घटला. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, ‘-2000’. पुढे त्यांच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं.

आता ओळींऐवजी कमिट (कोडमधल्या बदलाची एकेक नोंद) मोजतात, पण खोट तीच. स्क्वॉश करून, म्हणजे कमिट एकत्र दाबून, मर्ज केलं (मुख्य कोडमध्ये मिसळलं) की वीस कमिटचा एक होतो. पॅकेजची लॉक फाइल (वापरलेल्या तयार कोडच्या आवृत्त्यांची आपोआप बनणारी यादी) बदलली की हजारो ओळी कुणाच्या तरी नावावर चढतात. दिवसभर इतरांचा कोड तपासणाऱ्याच्या खात्यात मात्र शून्य. स्टोरी पॉइंटचं, म्हणजे काम किती मोठं याच्या गुणांचं, तर विचारूच नका. तो मुळात अंदाज. त्यावर बढती ठरू लागली की कालचं 3 पॉइंटचं काम आज 5 चं होतं.

माणूस सोडून कामाचा प्रवास मोजावा, असं माझं मत. एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती, घेऊ. पहिला कमिट सोमवारी सकाळी 10 ला. रिक्वेस्ट उघडली मंगळवारी दुपारी 4 ला: 30 तास. रिव्ह्यूची (इतरांनी केलेल्या तपासणीची) पहिली कमेंट गुरुवारी सकाळी 11 ला: 43 तास. दुरुस्त्या होऊन मर्ज त्याच दिवशी 5 ला: 6 तास. रिलीज (वापरणाऱ्यांपर्यंत पोचणं) पुढच्या मंगळवारी सकाळी 10 ला: 113 तास. रात्री आणि सुट्ट्या धरून एकूण 192, त्यातले 43 आणि 113 मिळून 156 तास काम नुसतं पडून. कोड दुप्पट वेगाने लिहिला असता तरी वाचले असते 15 तास. रिलीज आठवड्यातून एकदाच होत असेल तर तेही वाचणार नाहीत, कारण गाडी मंगळवारीच सुटते.

हे आकडे गिटमधून (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून) काढताना ‘ऑथर डेट’ (बदल मुळात लिहिल्याची तारीख) घ्यावी. रीबेस केलं (जुने कमिट नव्या कोडवर पुन्हा बसवले) की ‘कमिटर डेट’ (कमिट शेवटचा नोंदल्याची तारीख) बदलते आणि जुनं काम आजचं दिसतं. सरासरीही फसवते: नऊ रिक्वेस्ट एका दिवसात आणि दहावी 40 दिवसांत गेली, तर सरासरी 4.9 दिवस, मध्यक 1. मध्यक पाहावा, आणि ती चाळीस दिवसांची रिक्वेस्ट वेगळी उघडून बघावी. बहुतेक वेळा ती अवाढव्य असते, म्हणून कुणी हातच लावत नाही.

नुसता वेग पाहिला तर रिव्ह्यू डोळे झाकून होतात. म्हणून शेजारी दुसरा आकडा हवा: किती डिप्लॉयनंतर (नवा कोड चालू केल्यावर) रोलबॅक (जुन्या कोडवर परत जाणं) किंवा तातडीची दुरुस्ती करावी लागली. ‘बिघाड’ कशाला म्हणायचं, हे मोजणी सुरू होण्याआधी ठरवून लिहून ठेवावं. नंतर ठरवायला बसलं की प्रत्येक रोलबॅक ‘नियोजित’ निघतो. आणि हे आकडे टीमचे ठेवावेत. त्यांपुढे एकेकाची नावं आली, की दुसऱ्याचा अडलेला बग बघायला दोन तास कोण देईल?