पोर्शे ९११ आरएसआर 'पिंक पिग', १/२४ : डिफ्यूझर बसला, गुलाबी रंग चढला

डिफ्यूझर, म्हणजे गाडीच्या मागे खालून हवा बाहेर सोडणारा उतरता भाग, एकदाचा बसला. या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला, आणि गाडी कपाटात ठेवली की तो कुणाच्या नजरेलाही पडणार नाही. तरीही सुरुवात मुद्दाम तिथूनच केली. २०१७ ची आरएसआर, म्हणजे ९११ ची शर्यतीची आवृत्ती, समजून घ्यायची तर ती मागून आणि खालून बघावी लागते, कारण या गाडीत जे काही बदललं ते त्या मागच्या हातभर जागेसाठी.

नव्याने या छंदात आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगते. ९११ चं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन पहिल्यापासून मागच्या ॲक्सलच्याही मागे. रस्त्यावरच्या गाडीची ती ओळखच आहे. पण २०१६ पासून जीटीई वर्गाच्या (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या) नियमांनी मोठा डिफ्यूझर लावायला मोकळीक दिली आणि नेमकी तीच गोष्ट अडचणीची झाली. गाडीखालून वेगाने निघालेली हवा मागे हळूहळू रुंदावत, वर उचलत बाहेर सोडली, की पोटाखालचा दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटून राहते. फेरारी ४८८ आणि फोर्ड जीटी यांची इंजिनं मागच्या ॲक्सलच्या पुढे, त्यामुळे त्यांना मागे पाहिजे तेवढी जागा. ९११ मध्ये हवेने जिथून वर जायचं तिथेच इंजिन ठाण मांडून बसलेलं.

वाइसाखच्या, म्हणजे पोर्शेच्या शर्यत विभागाच्या, लोकांनी मग इंजिन आणि गिअरबॉक्स यांची अदलाबदल केली. इंजिन ॲक्सलच्या पुढे आलं, सहा गिअरचा सिक्वेन्शियल बॉक्स मागे गेला. वजन गाडीभर नीट वाटलं गेलं आणि मागच्या टायरांवरचा ताणही हलका झाला, हे फायदे आहेतच. माझ्या मते मात्र खरं कारण हवा. टर्बोच्या मागे न लागता त्यांनी ४ लिटरचं नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनच ठेवलं, साधारण ५१० अश्वशक्तीचं, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

'मग ही ९११ कशी?' हा वाद तेव्हाही झाला, अजूनही होतो. १९९६ च्या ९११ जीटी१ मध्येही इंजिन मागच्या ॲक्सलच्या पुढेच होतं, आणि तिला कुणी घराबाहेर काढलं नाही. माझ्यापुरता वाद तिथे मिटतो.

आता माझ्या टेबलावर काय चाललंय ते. किटमधला डिफ्यूझर म्हणजे एकसंध तुकडा, आणि त्यातल्या उभ्या पट्ट्या जवळपास १ मिलिमीटर जाडीच्या. १/२४ मापात १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटर. कार्बन फायबरची पट्टी एवढी जाड कधीच नसते. त्या सगळ्या बुडापासून कापल्या, तळ पॉलिश पेपरने सपाट केला आणि ०.२५ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटमधून नव्या कापल्या. आधी पातळ पुठ्ठ्याचा साचा केला, कारण प्रत्येक पट्टीचा खालचा काठ वेगळ्या वक्राचा आहे. चिकटवताना सुईच्या टोकावर सुपरग्लूचा एकच थेंब घ्यायचा, पट्टी चिमट्यात उभी धरायची आणि थेंब नुसता टेकवायचा. फटीत तो आपोआप ओढला जातो. जास्त झाला तर पातळ शीट वाकते. नंतर कार्बनच्या नक्षीचे डेकल (पाण्यात भिजवून लावायचे छापील स्टिकर) कापून प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंना लावले. हे काम किचकट आहे, पण आता गाडी उलटी धरली की नजर सरळ आत, अंधारात जाते. तसंच दिसायला हवं होतं.

मागचा विंगही वेळखाऊ निघाला. आरएसआरचा विंग हंसाच्या मानेसारख्या वळलेल्या दोन खांबांवर वरून टांगलेला असतो. विंगचं खरं काम त्याच्या खालच्या पृष्ठभागावर चालतं, तिथे खांब आले की हवा बिघडते, म्हणून ते वरून जोडायचे. किटमध्ये दोन्ही खांब बॉडीत सैल बसतात, त्यामुळे विंग एका बाजूला कलतो. पुठ्ठ्याची चौकट करून तिच्यात विंग सरळ धरला, खांबांभोवतीची फट भरली आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी मापून बघितला, दोन्ही टोकं बरोबर.

रंगाबद्दल सगळ्यांनाच उत्सुकता असणार. हा गुलाबी १९७१ च्या ९१७/२० या पोर्शेच्या शर्यतीच्या गाडीचा वारसा आहे. त्या रुंद, गोलमटोल गाडीवर पोर्शेचे डिझायनर अनातोल लापिन यांनी खाटकाच्या दुकानातल्या तक्त्याप्रमाणे तुटक रेषा आखल्या आणि प्रत्येक भागावर मांसाच्या तुकड्याचं नाव लिहिलं. फ्रान्समधल्या ले मांच्या २४ तासांच्या शर्यतीत ती २३ नंबरची गाडी चांगल्या जागी असताना आर्नाज वळणाजवळ आदळली आणि शर्यत तिथेच संपली. २०१८ हे पोर्शेच्या गाड्यांचं सत्तरावं वर्ष, म्हणून ९२ नंबरच्या आरएसआरला हेच रूप दिलं. ९१ नंबरला ऐंशीच्या दशकातल्या पोर्शेच्या ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांची आठवण करून देणारे पांढरे-निळे पट्टे मिळाले. ४७ वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेली शर्यत त्याच रंगात पूर्ण करायला कुणीतरी पुन्हा उतरावं, ही कल्पनाच मला फार आवडते.

तयार बाटलीतले गुलाबी रंग एक तर औषधासारखे फिके, नाहीतर भडक निघाले. शेवटी पांढऱ्यात थोडा लाल आणि त्याहून थोडा पिवळा घालून स्वतः मिसळला. पिवळ्याने त्यात जिवंत कातडीची ऊब येते. खाली पांढरा प्रायमर हवाच, राखाडीवर हा रंग मळकट होतो. पावसाळी हवेत एअरब्रश मारताना लॅकरवर पांढरट धुकं धरतं, म्हणून सकाळी लवकर आटोपण्यापेक्षा उन्हं वर आल्यावर, हवा कोरडी झाल्यावर पातळ थर दिले. तुटक रेषांचे डेकल दाराच्या सांध्यावरून जातात. तिथे डेकल बसल्यावर नव्या ब्लेडने सांध्यात कापायचं आणि डेकल मऊ करणारा सॉफ्टनर सोडायचा, म्हणजे रेष सांध्यात खाली बसते. डावी बाजू पूर्ण झाली, उजवी राहिली आहे.

गाडी शर्यत संपल्यानंतरच्या अवस्थेत दाखवायची, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं, आणि त्याला कारण आहे. या गाडीला यश सहज मिळालं नाही. जानेवारी २०१७ मध्ये डेटोनाच्या २४ तासांत पदार्पण, तिथे ९११ नंबरची आरएसआर तिच्या वर्गात दुसरी आली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या लाइम रॉकला पहिला विजय मिळाला, पण लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक मालिकेत (ले मां हा तिचाच भाग) अख्खा हंगाम एकही विजय नाही. इतका मोठा बदल करून हातात काही नाही, असं म्हणणारे तेव्हा बरेच होते.

मग आला २०१८ चा जून, आणि ले मां. जानमारिया ब्रुनीने ९१ नंबरमध्ये ३:४७.५०४ ची लॅप मारून वर्गात पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली. शर्यतीत मात्र दिवस ९२ चा होता: केव्हिन एस्त्र, मिखाएल क्रिस्टेन्सन, लॉरेन्स वांटूर. १३.६२६ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर तेव्हा अपघातानंतर वेग आवरायला एकाच वेळी तीन सेफ्टी कार सुटायच्या, प्रत्येकीमागे एक रांग, आणि पिटमधून निघणाऱ्याला पुढची रांग येईपर्यंत थांबावं लागायचं. पहिल्या काही तासांतच ९२ पुढच्या रांगेत गेली, बरोबरीचे मागच्या रांगेत अडकले. याला नशीब म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मिळालेली आघाडी रात्रभर, ट्रॅफिकमधून, एकही मोठी चूक न करता टिकवणं हे नशिबाचं काम नव्हे. मागे ९१ आणि सेबास्तियाँ बुर्देची ६८ नंबरची फोर्ड यांच्यात रविवारी जी झुंज झाली ती अजूनही बघावी अशी आहे. शेवटी पोर्शे पहिली आणि दुसरी. २०१३ नंतर ले मांला त्या वर्गातला हा त्यांचा पहिलाच विजय.

जागतिक मालिकेचा तो हंगाम दोन वर्षांवर पसरलेला होता, मे २०१८ ते जून २०१९, आणि त्यात ले मां दोनदा. ९२ ने फुजी जिंकली, ९१ ने सेब्रिंग. २०१९ च्या ले मांला ९२ ला एग्झॉस्टच्या दुरुस्तीत बराच वेळ गमवावा लागला, तरी एस्त्र आणि क्रिस्टेन्सन हंगामाचे विजेते ठरले. पुढच्या आरएसआर-१९ मध्ये इंजिन ४.२ लिटरचं झालं आणि एग्झॉस्ट मागून काढून दोन्ही बाजूंना, मागच्या चाकांच्या पुढे आणला. का? डिफ्यूझरला आणखी जागा मिळावी म्हणून.

म्हणून माझ्या ९२ वर नाकावर रबराचे कण आणि किड्यांचे डाग येणार, चाकांमागे काळी झाक येणार. त्यासाठी क्लिअर कोट आरशासारखा नको, अर्धचमकता पुरेल. तेलरंगाचा काळपट तपकिरी, भरपूर थिनर, आणि ब्रशचा हात फक्त हवेच्या दिशेने, पुढून मागे. गुलाबीवर हे जरा जास्त झालं तर गाडी नुसती घाणेरडी दिसेल, त्यामुळे आधी जुन्या बॉनेटवर सराव चालू आहे. उजव्या बाजूचे डेकल झाले की चाकं आणि ब्रेक डिस्क घेते. डिस्कची कड निळसर-राखाडी करायची आहे. कुणी ॲक्रिलिकने तशी छटा नीट आणली असेल तर प्रमाण जरूर कळवा.