आभाळातून पडणारे चौघं आणि आमची भिंत

परवा गुलमंडीजवळच्या एका दुकानातून चार प्रिंट काढून आणल्या, हॉलंडच्या हेंड्रिक गोल्ट्झियसच्या, १५८८ सालच्या. इकारस, फेथॉन, टँटलस, इक्सिऑन, ग्रीक पुराणातले हे चौघंही देवांपुढं मर्यादा सोडलेले अन् आता गोल चौकटीत वरून खाली पडायलेत. मूळ चित्रं कॉर्नेलिस व्हान हार्लेमची, छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरली गोल्ट्झियसनं. ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्यूझियम या संग्रहालयाच्या साइटवर मोठ्या फाइली फुकटात मिळतात म्हणून हे जमलं.

पण जवळून बघा एकदा. मांडीवरची एकच रेघ धरा, ती बारीक सुरू होती, स्नायूच्या फुगवट्यावर जाड होती अन् उजेडाकडं जाता जाता पुन्हा केसाएवढी, कोरणी किती दाबायची एवढ्यावरच सगळा खेळ, अन् हे अशा माणसानं केलंय की ज्याचा उजवा हात लहानपणी आगीत भाजलेला, बोटं नीट सरळ होत नव्हती, त्याच हातानं!

मला तर वेरूळचा कैलास हलवणारा रावणच आठवला. तोबी देवाशीच भिडलेला, अन् तिथंबी दगडात अंगाचा सगळा जोर दिसतो.

आई म्हणली, उघडीनागडी माणसं हॉलमधी नको. मग माझ्या खोलीत लावल्या, इकारस खिडकीजवळ.