डब्यातली काळी पूड

किडनीच्या बायोप्सी तपासणं हे माझं रोजचं काम. पेशंट भेटत नाहीत. भेटतो त्यांचा सुईच्या जाडीचा तुकडा. त्या दिवशीच्या तुकड्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं: स्त्री, वय 71, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण, चार महिन्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) 0.9 वरून 5.2. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. चालू औषधं: काही नाही.

साध्या प्रकाशात स्लाइड फारसं बोलेना. गाळण्या शाबूत होत्या, पण नलिकांच्या पेशी चपट्या पडलेल्या आणि आजूबाजूला सूज. काही नलिकांत फिकट, काचेसारखं काहीतरी अडकल्याचा भास झाला. म्हणून पोलरायझर, म्हणजे प्रकाश एकाच दिशेने कंपणारा करणारी काच, फिरवला, आणि अंधारात जागोजागी रंगीत पंखे उघडावेत तसे स्फटिक उजळले. कॅल्शियम ऑक्झलेट! बहुतेक मुतखडे ज्याचे बनतात, तेच. एखाददुसरा स्फटिक बिघडलेल्या कुठल्याही किडनीत सापडतो. इथे पंचविसानंतर मी मोजणं सोडून दिलं.

एवढं ऑक्झलेट येतं कुठून? इंजिनाच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं तर, आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर, जन्मजात दोष असेल तर, किंवा क जीवनसत्त्वाचा अतिरेक केला तर. मी किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, हे सगळं विचारून झालंय, एकही लागू नाही. मग मी क्वचितच करते ते केलं. वॉर्डात गेले.

"आजी, कुठलं औषध घेत होतात?"

"नाही गं. गोळ्या संपल्या त्याला वर्ष झालं."

"आणि औषध न वाटणारं असं काही?"

आजींनी नाही म्हणून मान हलवली. मुलीने मात्र आईकडे पाहिलं. "आई, ती पूड?"

"ते काय औषध आहे? चहासारखंच ते."

संध्याकाळी मुलगी डबा घेऊन आली. आत कोळशाच्या भुकटीत तपकिरी माती मिसळावी तशी पूड. नाव: चागा. आजी सहा महिने रोज चार चमचे पाण्यात कालवून, गाळ न टाकता, पीत होत्या.

चागा ही भूर्जवृक्षाच्या खोडावर वाढणारी बुरशी. छत्रीबित्री काही नाही, झाडाला जळका फोड आल्यासारखी दिसते. रशिया आणि उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत तिचा काढा पिढ्यान्‌पिढ्या पितात. तिच्यातल्या बीटा-ग्लुकान नावाच्या साखरेच्या रेणूंच्या साखळ्या आणि इतर घटकांनी प्रयोगशाळेतल्या कॅन्सरपेशींवर आणि उंदरांवर परिणाम दाखवले आहेत, हे खरं आहे. माणसांवरच्या नीट चाचण्यांचा आधार मात्र त्या दाव्यांना नाही. डब्यावर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द तीनदा होता, 'ऑक्झलेट' एकदाही नाही. चागात ते भरपूर असतं. आतड्यातून रक्तात आलेलं ऑक्झलेट बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं, आणि तिथे कॅल्शियमशी गाठ पडली की स्फटिक बनतात, नलिका तुंबतात, पेशी मरतात.

रात्री मी जुन्या नोंदी चाळल्या. 2014 मध्ये जपानमधून अशीच एक केस छापून आली होती: 72 वर्षांची बाई, यकृताचा कॅन्सर, रोज चार-पाच चमचे चागा, सहा महिने. तिला डायलिसिसवर जावं लागलं. वाचताना अंगावर काटा आला. वय, चमचे, महिने, सगळंच जवळपास तेच.

मला राग आला तो पुडीपेक्षा आमच्या प्रश्नावर. 'औषधं कोणती?' असं विचारलं की माणूस गोळ्याच आठवतो. चहासारखी वाटणारी पूड त्याच्या उत्तरात येणार कशी? त्या दिवसापासून ऑक्झलेटच्या प्रत्येक रिपोर्टखाली मी एक ओळ घालते: चूर्ण, काढे, पेयं, मुळ्या, बुरशी, सगळं नावानिशी विचारावं.

पूड बंद झाली. आजींना सात वेळा डायलिसिस लागलं. नंतर लघवी वाढली, क्रिएटिनिन 2.6 वर येऊन थांबलं. त्याच्या खाली काही ते गेलं नाही. घरी जायच्या दिवशी मी पुन्हा भेटायला गेले, तर मुलगी बाहेर गेल्याचं पाहून आजींनी मला जवळ बोलावलं.

"अगं, त्याने मला तरतरी यायची. आठवड्यातून एकदा, अगदी अर्धा चमचा घेतला तर?"

डबा माझ्या टेबलावर होता. मी तो परत दिला नाही.