ब्रोकोलीची बाजू

अमेरिकेत आल्यानंतरची पहिली तीन वर्षे आमच्या घरातला ओव्हन हे एक कपाट होते. मोठी कढई, दोन तवे, इडलीपात्र, कुकरचे जादा डबे आणि पाहुणे आले तरच बाहेर निघणारे एक अवजड पातेले असा सगळा संसार त्याच्या पोटात सुखाने नांदत होता. एकदा कधी नव्हे तो केक करायचे मनात आले म्हणून मी ओव्हन तापत ठेवला आणि थोड्या वेळाने काचेतून पाहते तो भांडी काढताना मागे राहून गेलेले प्लॅस्टिकचे झाकण जाळीवरून काकवीसारखे खाली ओघळत होते. तो वास घरातून जायला दोन दिवस लागले. त्यानंतर कढया कायमच्या बाहेर आल्या आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेचे काहीतरी करायला हवे, एवढ्याच विचाराने ब्रोकोली आत गेली.

ब्रोकोलीशी माझा तोवरचा व्यवहार फ्लॉवरच्या ओळखीवर चालला होता. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीची भावंडे आहेत, तेव्हा फ्लॉवरला जे मानवते ते हिलाही मानवेल, असे धरून मी हिंग-मोहरीची फोडणी करून, हळद-तिखट घालून आणि झाकणीवर पाणी ठेवून तिची भाजी करीत असे. फ्लॉवर बटाट्याच्या संगतीत मऊ झाला तरी आपला आब राखून असतो. ब्रोकोलीच्या तुऱ्यांवरच्या बारीक कळ्या मात्र वाफेने सुटून रश्शात तरंगू लागतात, हिरवा रंग शेवाळी होतो आणि घरभर असा एक वास पसरतो की शेजाऱ्यांची आठवण व्हावी. त्या वासाला कारण या कुळातल्या भाज्यांमधली गंधकाची संयुगे आहेत. भाजी ओल्या उष्णतेत जितकी जास्त वेळ शिजते तितकी ती जास्त बोलू लागतात. रंगाचेही तसेच, कारण हरितद्रव्यातले मॅग्नेशियम उष्णतेने आणि भाजीच्या अंगच्या आम्लाने निघून गेले की हिरवेपणाला आधार उरत नाही.

मार्च १९९० मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी पत्रकारांसमोर जाहीर करून टाकले होते की लहानपणी आई खायला लावत असे तेव्हापासून आपल्याला ब्रोकोली आवडत नाही आणि आता आपण राष्ट्राध्यक्ष असल्यामुळे यापुढे ती खाणार नाही. त्यावर कॅलिफोर्नियातल्या उत्पादकांनी निषेध म्हणून वॉशिंग्टनला ट्रक भरून ब्रोकोली धाडली होती. माझा संशय त्या माउलीवर नसून तिच्या पातेल्यातल्या पाण्यावर आहे.

उत्पादकांना राग आला त्यात नवल नाही, कारण ही भाजी या भागाच्या अभिमानाची आहे. आम्ही राहतो त्या सॅन होजेच्या मातीत सिसिलीतल्या मेसिनाहून आलेल्या दारिगो बंधूंनी १९२० च्या दशकात इटालियन बियाण्यावर ब्रोकोली पिकवली आणि बर्फात घालून रेल्वेने थेट बॉस्टनच्या बाजारात पाठवायला सुरुवात केली. इटालियन वस्त्यांबाहेरच्या अमेरिकेला ती ओळखीची झाली त्यात या खटपटीचा मोठा वाटा आहे. आज त्या शेतांच्या जागी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि ब्रोकोली दक्षिणेकडे तासाभराच्या अंतरावर, सलिनास खोऱ्यात गेली आहे. दर शनिवारी बाजारातून मी जे गड्डे आणते त्यांचे दांडे कापल्या जागी अजून ओलसर असतात आणि बोटाने दाबले तर कच्च्या नवलकोलासारखे कडक लागतात.

कृती म्हणाल तर सांगण्यासारखे फारसे काही नाही आणि जे आहे ते सगळे पाण्याच्या विरोधात आहे. ब्रोकोलीच्या वजनात सुमारे नव्वद टक्के पाणी असते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि भाजल्याचा तांबूस रंग व खमंगपणा धरायला साधारण एकशेचाळीस अंश सेल्सिअसच्या पुढे जावे लागते. म्हणून मी गड्डे आदल्या रात्रीच धुऊन पंचावर पसरून ठेवते. तुरे उभे चिरून प्रत्येकाला एक सपाट बाजू काढते, दांड्याची जाड साल सोलून आतल्या पांढुरक्या गाभ्याच्या चकत्या करते, आणि हे सगळे दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल व अर्धा चमचा मीठ घेऊन हातानेच चोळते, कारण चमच्याने ढवळले तर तेल कळ्यांच्या खाचांत पोचत नाही. ओव्हन ४२५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २२० सेल्सिअसला ठेवायचा आणि रिकामा ट्रेही त्याच्याबरोबरच तापू द्यायचा. तापल्या ट्रेवर सपाट बाजू खाली करून एकेक तुरा मांडताना जो चर्र आवाज येतो तो आला नाही तर दार लावून आणखी पाच मिनिटे थांबलेले बरे. तुऱ्यांमध्ये बोटभर अंतर हवे. दाटीवाटीने बसवले तर ते एकमेकांना वाफ देत बसतात आणि आपण पुन्हा झाकणीवरच्या पाण्यापाशी येऊन पोचतो. लसणाचे काप शेवटच्या पाच मिनिटांत घालायचे, कारण ते आधी घातले तर कडू होतात, आणि लिंबू ताटात पिळायचे, कारण आम्लाने हिरवा रंग उतरतो.

यानंतरची वीस मिनिटे मला सुरुवातीला फार जड गेली. आमच्या हाताला उलथन्याची सवय असते. काही शिजत असले की झाकण काढून पाहायचे, परतायचे, पाण्याचा हबका मारायचा, चिमूटभर साखर टाकायची, आणि एवढे केल्यावर ती भाजी आपण केली असे वाटते. ओव्हन दार लावून घेतो. मी दोनतीनदा उघडून पाहिले तेव्हा उष्णता बाहेर पडून तुरे मऊ पडले. एकदा अंगची घाई म्हणून तापमान ५०० वर नेले तेव्हा तेलाचा धूर होऊन छतावरचा भोंगा असा ओरडू लागला की शेवटी खुर्चीवर चढून मला त्याला टॉवेलने वारा घालावा लागला.

मागच्या हिवाळ्यात सासरे सहा महिन्यांसाठी आले. ते अलिबागकडचे असल्यामुळे त्यांनी सगळे पाहिले होते, फक्त ब्रोकोली पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी ट्रेकडे बघून हळूच विचारले, "सूनबाई, करपली का गं?"

प्रश्न रास्त होता. कळ्यांची टोके काळपट झाली होती. पण करपणे आणि खरपूस होणे यांच्यामध्ये जो एक अरुंद बांध आहे त्यावरून चालायला आपल्या भाषेइतके कुणी शिकवले नसेल. भाकरीवर काळे डाग पडले तर आपण तिला करपली म्हणत नाही, भरताचे वांगे तर साल कोळसा होईस्तोवर विस्तवावरून उतरवत नाही, आणि रवा बेसनाच्या लाडवासाठी की उपम्यासाठी यावरून कुठवर भाजायचा ते नाकाला कळते. भाजणे, शेकणे, परतणे, होरपळणे, करपणे यांतला प्रत्येक शब्द विस्तवापासूनचे वेगळे अंतर सांगतो.

बाबांनी एक तुरा उचलला, टोक खाल्ले, थांबले आणि म्हणाले, "ही तर पोपटी झाली." रायगडात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा तयार झाल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, त्यात शेंगा, मीठ आणि ओवा भरून, तोंडालाही पालाच कोंबून ते मडके उपडे ठेवतात आणि वरून-बाजूने जाळ करतात, तीच ही पोपटी. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगा आपल्या अंगच्या ओलीवर शिजतात आणि मडक्याच्या कडेला लागलेल्या तेवढ्या भाजतात. चहूबाजूंनी उष्णता आणि मध्ये कोंडलेला माल, असा हिशेब असल्यामुळे शेतातले ते मडके माझ्या ओव्हनचेच थोरले भावंड आहे, ही गोष्ट मला बाबांनी सांगेपर्यंत सुचली नव्हती. "पण ओवा नाही घातलास," असेही ते लगेच म्हणाले.

पुढच्या खेपेला तळहातावर चुरडलेला ओवा मी तेलातच घातला. ब्रोकोलीला काही घालू नये, तिला तिच्यावर सोडावे, असे माझे तोवर मत झाले होते आणि ते मी चारचौघांत ऐकवतही असे. ओव्याने ते मत मोडले. गंधकाचा उरलासुरला उग्रपणा तो झाकत नाही, तर त्याच्या शेजारी जाऊन बसतो. मोहरीची फोडणी मात्र अजून मला पटत नाही, जरी मोहरीही याच गोतातली असली तरी.

राहिला प्रश्न वाढण्याचा. इथले लोक तिला साइड डिश म्हणतात, म्हणजे मुख्य पदार्थाच्या बाजूला बसणारी. आमच्या ताटाला बाजू दोन आहेत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, आणि भाजी उजवीकडे. पोळीशी खायला ती फार कोरडी म्हणून उजवीकडे शोभत नाही, आणि तोंडीलावणे म्हणून डावीकडे घ्यावी तर वाटीभर तोंडीलावणे कोण वाढते? मी यावर बाबांचे मत विचारायचे ठरवले होते. पण ते तोवर ट्रेपाशी उभे राहून, उलथन्याने कडेच्या सुट्या झालेल्या काळ्या कळ्या गोळा करून खात होते, आणि माझ्या पोळ्या लाटून होईपर्यंत ट्रेमध्ये दांड्याच्या चार चकत्या आणि लसणाचा एक काप एवढेच शिल्लक राहिले.