लवादापासून अन्नधोरणापर्यंत

लंडनमध्ये धान्यव्यापारातील लवादाची कामे करताना आमचे सारे लक्ष करारावर असे. माल ठरलेल्या प्रतीचा होता का, आणि नसेल तर नुकसान कोणी सोसायचे, एवढेच ठरवायचे. शेंगदाण्यांच्या एका वादाने मला त्यापलीकडे नेले.

युरोपातील एका बंदरात त्या मालात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीमुळे तयार होणारे विष, मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते. युरोपीय संघाच्या नियमानुसार थेट खाण्याच्या शेंगदाण्यात ते किलोमागे एकूण 4 मायक्रोग्रॅमपर्यंतच चालते. तेच दाणे आधी निवडणीसाठी किंवा प्रक्रियेसाठी जाणार असतील, तर मर्यादा 15 आहे. करारात मालाचा वापर स्पष्ट लिहिलेला नव्हता आणि सगळा वाद त्या मोकळ्या जागेभोवती फिरत होता. आम्ही तो जिंकला. मात्र नाकारलेला माल परत गेल्यावर तो कोणाच्या ताटात जातो, हे विचारण्याची तरतूद त्या करारात नव्हती, आणि तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

मग मी वाचत गेले. हिपॅटायटिस बी असलेल्या व्यक्तीत या विषाची कर्करोगकारक शक्ती सुमारे 30 पट अधिक असते, असे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीचे अनुमान आहे. 2004 मध्ये केनियात दूषित मका खाऊन 317 जण आजारी पडले आणि त्यांपैकी 125 दगावले. त्यातला बराच मका घरच्याच शेतातला, ओलसर साठवलेला होता. त्याला ना बंदर, ना तपासणी, ना करार. कागदावरची मर्यादा तिथे पोहोचलीच नव्हती.

आता मी रोममध्ये अन्नसुरक्षेच्या नियमांचे मसुदे तपासते. ‘वकिली सोडलीस का?’ असे आई दर फोनवर विचारते. सोडलेली नाही, शब्दांवर वाद घालण्याचे काम तेच आहे, फक्त माझे अशील आता खोलीत हजर नसतात. सध्या माझ्यापुढे पीक वाळवण्याविषयीचा एक मसुदा आहे. काढणीनंतर दाणे लगेच, जमिनीला न टेकवता वाळवावेत, असे त्यात नीट लिहिले आहे. त्यासाठी लागणारी ताडपत्री लहान शेतकऱ्याला कोणी द्यायची, याविषयी एकही वाक्य नाही, आणि ते घातल्याशिवाय मी तो पुढे पाठवणार नाही.