दोर कधी सोडायचा: आमच्या पागेची वाटचाल

सासवडजवळची आमची पागा आजोबांच्या टांग्यापासून सुरू झाली. पुण्यातले टांगे संपत आले तशा वडिलांनी वरातीच्या घोड्या ठेवल्या. कारभार माझ्याकडे आला तेव्हा त्याला जोड म्हणून लोकांची वछेरं, म्हणजे कोवळ्या वयाचे घोडे, फिरवून द्यायचं काम घेतलं, आणि आज तोच आमचा मुख्य धंदा आहे. नव्या घोड्याला माणसाची, मोरकीची (तोंडावरच्या दोरीच्या बांधणीची), खोगिराची आणि रस्त्याची ओळख करून द्यायची. हे काम आम्ही ज्या रीतीनं करतो ती आम्हाला एका माणसानं शिकवली. आम्ही त्यांना रिसालदारकाका म्हणतो. आपलं नाव कुठे छापावं हे त्यांना पटत नाही, म्हणून इथे तेवढंच.

आमच्या भागात वछेरा वळणावर आणायची रीत ठरलेली होती. अगाडी-पिछाडी घालून, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून, बांधायचा, दोन गडी दोन्हीकडून दोर धरून उभे राहायचे, तोंडात काटेरी लगाम, आणि नांगरलेल्या रानात दमेपर्यंत पळवायचा. दमला की तो गप्प होतो, मालक खूश होतो आणि घोडा घेऊन जातो. बाजारालाही हेच हवं असतं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग अंगावरचे केसांचे भोवरे, उंची, मग रेवाल ही झपझप, हिसके न देणारी चाल. हा घोडा शिकला कसा, हे विचारणारा क्वचित भेटतो. काटेरी लगामाला तर ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी केव्हाचीच बंदी आहे, तरी तो अजून उघड विकायला असतो.

काका घोडदळातले. निवृत्त झाल्यावर ते आखातातल्या एका मोठ्या पागेत नोकरीला होते आणि तिथे त्यांना अमेरिकेच्या पश्चिम भागातले घोडेवाले भेटले. त्या लोकांची परंपरा ऑरेगॉनच्या टॉम डॉरन्स यांच्याकडे जाते. डॉरन्स १९१० साली जन्मले, गुरंढोरं सांभाळणाऱ्या घरात वाढले आणि २००३ मध्ये गेले. एका अवघड घोड्यापायी रे हंट त्यांच्याकडे आले, शिकले, आणि पुढे गावोगाव शिबिरं घेत त्यांनी ही रीत पसरवली. ‘नॅचरल हॉर्समनशिप’ हे नाव त्याला नंतर, १९८० च्या दशकात पॅट पॅरेली यांच्यामुळे चिकटलं. काका ते नाव क्वचितच घेतात. ते नुसतं ‘घोड्याचं ऐकणं’ म्हणतात.

आमचा पहिला धडा घोड्याविनाच झाला. काकांनी मला आणि आमच्या मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या गड्याला, एका दोराची दोन टोकं धरायला लावली. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं दोरावरून सांगायचं: पुढे ये, थांब, डावीकडे वळ. मी ओढलं की मोतद्दार पाय रोवायचा. मी दोर नुसता हातात भरून घेतला आणि वाट पाहिली, तर तो आपणहून पाऊल टाकायचा. आणि त्यानं पाऊल टाकल्यावरही मी ओढतच राहिलो, तर पुढच्या वेळी तो गोंधळायचा. या रीतीचा सगळा पाया एवढाच आहे. दाब पडतो तेव्हा घोडा फक्त उत्तर शोधत असतो. दाब सुटतो त्या क्षणी त्याला कळतं की हेच उत्तर. एक श्वास उशिरा सोडलात, तर तो भलतंच काही शिकून जातो. अंगावर बसलेली माशी ज्याला कळते, त्याला आपली दोन बोटं कळणार नाहीत असं कसं होईल?

मग गोल रिंगण आलं. साधारण पन्नास-साठ फूट व्यासाचं, कोपरा नसलेलं, म्हणजे घोडा कुठे अडकत नाही. खांद्यामागच्या बाजूला उभं राहून त्याला चालवायचं, आणि त्यानं आतला कान आपल्याकडे वळवला, मान खाली आली, वर्तुळ लहान झालं, की आपण मागे सरायचं, अंग सैल करायचं, नजर काढून घ्यायची. पुष्कळदा घोडा वळून आपल्याकडे चालत येतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा कंठ दाटून आला होता. पण काकांनी त्याचं प्रदर्शन कधी होऊ दिलं नाही, आणि मलाही ते पटतं. लोकांपुढे तासाभरात ‘जादू’ दाखवण्यासाठी घोड्याला रिंगणात पळवून पळवून दमवणं म्हणजे नांगरलेलं रानच पुन्हा, फक्त कुंपण घातलेलं. घोडा ओठ चाटतो, चघळतो, त्यालाही पाहणारे लगेच ‘तो कबूल झाला’ म्हणतात. बऱ्याचदा नुसता ताण उतरत असतो. अशा वेळी त्याला थोडा वेळ तसंच उभं राहू द्यावं.

याचा खरा कस वरातीच्या घोडीवर लागला. एक कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची, घोडी ढोल ऐकला की मागच्या पायांवर उभी राहायची. अशा घोडीला आवाज सहन होईपर्यंत ढोलाजवळ बांधून ठेवायची, ही सर्रास चाल. काकांनी उलटं केलं. ढोलवाल्याला तिच्यापासून दूर, पाठमोरा चालायला लावलं, मधूनच एखादी हलकी थाप. मी घोडीला सैल दोरानं त्याच्या मागे नेत होतो. पळून जाणाऱ्या वस्तूला घोडा भीत नाही, त्याला कुतूहल वाटतं. घोडी ढोलाचा माग काढत गेली. ती जवळ पोचायला लागली की ढोलवाला थांबायचा, वाजवणं बंद. पुढे थाप वाढत गेली, ताशा आला, पण दर वेळी तिचे कान आणि नाकपुड्या सैल पडल्या की आवाज थांबायचा. डाव्या बाजूनं झालेलं सगळं उजव्या बाजूनं पुन्हा करावं लागलं. अगदी कपाळासमोर आणि थेट शेपटीमागे घोड्याला दिसत नाही, म्हणून तिथून अचानक काहीही आणायचं नाही, ही शिस्त ढोलवाल्यांनीसुद्धा पाळली.

ती घोडी शांत झाली, पण तिला फटाक्यांत आणि डीजेपुढे नेण्याची इच्छा माझ्यात उरली नाही. हळूहळू आम्ही लग्नाच्या सुपाऱ्या घेणं थांबवलं. त्या काळात घरात पैशाची ओढाताण झाली, आणि ती माझ्या बायकोनं शेतातल्या अंजिरांवर भागवली, हे सांगितलंच पाहिजे.

कामाच्या अटीही बदलल्या. किती दिवसांत घोडा तयार करून देऊ, याचा शब्द आम्ही देत नाही. महिन्याची चंदी-चाऱ्याची आणि शिकवणीची रक्कम ठरते. काही मालक इथेच परत जातात, आणि ते त्यांच्या जागी बरोबर असतील. आत येणाऱ्या प्रत्येक घोड्याची ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झालेली हवी. तीन वर्षांखालच्या वछेऱ्यावर आम्ही बसत नाही. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते, त्यामुळे पुढेही स्वार हलका आणि वेळ थोडा. तोवर हातावरचं काम भरपूर असतं: मोरकी, चारही पाय उचलू देणं, नालबंदासमोर उभं राहणं, गाडीत चढणं.

सगळ्यांत जड जाणारी अट म्हणजे मालकानं आणि त्याच्या मोतद्दारानं शेवटच्या आठवड्यांत स्वतः येऊन शिकायचं. घोडा इथे सैल दोरावर चालतो आणि घरी गेला की पुन्हा ओढाओढ, असं झालं तर आमच्या कामाचा काय उपयोग? मालक कंटाळतात, मोतद्दार मात्र चटकन शिकतात. दिवसभर खरारा करणाऱ्या, घोड्याचं अंग घासणाऱ्या माणसाचा हात आधीच घोड्याच्या अंगावर मुरलेला असतो. मोतद्दारांसाठी आम्ही फी घेत नाही. सोमवारी सकाळी काका अजून येतात, रिंगणाबाहेर खुर्ची टाकून बसतात, आणि कुणाचा हात वेळेवर सुटला नाही तर ‘सोड, सोड’ एवढंच म्हणतात. सध्या दोन काठेवाडी वछेरं आणि माथेरानला भाड्यानं चालणारी एक घोडी आमच्याकडे आहे. तिच्या मालकाला तिच्या तोंडातला काटेरी लगाम काढायचा आहे, आणि तो स्वतः शिकायला येतो आहे.